पाऊल उचलणारी नस

जयपूरजवळ चाकसूला शीतलामातेची जत्रा भरते; तिथून परतताना बसच्या दाराशी रेटारेटी झाली आणि फाटलेल्या पत्र्याने माझा उजवा पाय गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूला चिरला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. विमा कंपनीने यांची बदली केली म्हणून आम्ही साताऱ्याहून जयपूरला आलो होतो. जत्रेतल्या दवाखान्यात टाके घातले. जखम भरली, पण पाऊल वर उचलेना. चालताना चप्पल गळून पडायची आणि मला ते कळायचंही नाही.

इस्पितळातले सर्जन नागपूरकडचे, मराठी बोलणारे. त्यांनी पावलावर टाचणी टोचली. मला काहीच जाणवलं नाही.

"वहिनी, पाऊल उचलणारी नस कापली गेलीय. उघडून दोन्ही टोकं शोधावी लागतील. जुळली तर आशा आहे."

"आणि नाही जुळली तर?" यांनी विचारलं.

"तर पाऊल असंच लोंबतं राहील."

पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला होता. मी जागी होते, कुशीवर, तोंडासमोर पडदा. नुसती ऐकत होते.

"नीचे वाला सिरा मिल गया," सर्जन मदतनीस डॉक्टरांना म्हणाले. मग वरच्या टोकाचा शोध बराच वेळ चालला. हत्यारं ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज तेवढा येई. मग हळू आवाजात, "फ़ासला बहुत है."

दोन टोकांमधलं अंतर फार होतं. मी टेबलाची कड घट्ट धरली.

"वहिनी, गुडघा वाकवतोय," ते मराठीत म्हणाले. "वाकवला की टोकं भेटतायत. आता तो वाकलेलाच ठेवायचा. एकदम सरळ केलात, तर आतले टाके तुटतील."

वाकल्या गुडघ्यावर प्लास्टर चढलं. लू, म्हणजे तिकडचा उन्हाळ्यातला गरम वारा, वाहत होती, प्लास्टरच्या आत कंड सुटायची. दर खेपेला प्लास्टर बदलून गुडघा थोडासा उलगडायचे, आणि दर खेपेला मी श्वास रोखून धरायची. शेवटी गुडघ्यामागे आधाराला प्लास्टरची नुसती पट्टी उरली. तेव्हाच एका दुपारी धुळीची आंधी आली. खिडकी धाडकन आपटली, मी दचकून उठले आणि गुडघा झटक्यात सरळ झाला. मांडीपर्यंत कळ गेली.

रिक्षातून हे मला इस्पितळात घेऊन गेले.

"तुटली असेल का?" मी विचारलं.

"सांगता येत नाही. पुन्हा उघडलं तर आहे तेही जाईल. थांबायचं," सर्जन म्हणाले.

नस वरून खाली हळूहळू वाढते, आणि जिथवर पोचली तिथे टिचकी मारली की झिणझिण्या येतात, असं त्यांनी समजावलं. दर भेटीत ते व्रणापासून खाली टिचक्या मारत जात. व्रणाखाली सगळं गप्प. यांच्या चेहऱ्याकडे पाहून 'हो' म्हणावंसं वाटायचं. तरी मी 'नाही'च म्हणायची.

दिवाळीनंतर एकदा व्रणाच्या चांगलं चार बोटं खाली झिणझिणलं. त्यांनी मला डोळे मिटायला लावून पुन्हा टिचकी मारली.

"इथे," मी म्हणाले.

ते स्टुलावर बसले. "नस टाक्यांच्या पुढे गेलीय."

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी मी पलंगावर पाय पसरून बसले होते. हे पेपर वाचत होते.

"अहो, इकडे बघा."

पाऊल जरासं उचललं गेलं, थरथरलं, खाली आलं.

"पुन्हा कर," हे म्हणाले. मी केलं. यांनी तळव्याखाली हात धरला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

अंगठा मात्र कधीच वर आला नाही. जिने चढताना अजून खाली बघावं लागतं.