ताईंची प्रतिक्रिया, साहेबांच्या तोंडून

शिरूर कासारला मी एका जिल्हा दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे. आमच्या धंद्यात एक रीत आहे. पदावर बाई असली की तिच्या साडीचा रंग टिपून घ्यायचा आणि प्रतिक्रिया नवऱ्याला फोन करून घ्यायची. पंचायत समितीच्या सभापती ताई होत्या, पण अख्खा तालुका 'सभापती साहेब' म्हणायचा तो त्यांच्या नवऱ्याला. मीही म्हणायचो. गावात राहायचं तर गावासारखं वागावं.

त्या दिवशी मासिक सभेत ताई वीस मिनिटं बोलल्या. विषय एकच. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहं अजून उघडली नव्हती. आई-बाप ट्रकात बसले की पोरंही जाणार आणि शाळा सुटणार ती सुटणारच. गावागावातल्या मुलांची यादीच त्यांनी वाचून दाखवली. गटशिक्षणाधिकाऱ्यांना घाम फुटला. मी वहीत लिहिलं: मोरपंखी, जरीकाठ.

मग रीतीप्रमाणे साहेबांना फोन लावला. साहेब केजला कुणाच्या तरी वाढदिवसाच्या पंगतीत होते. विषय वसतिगृहांचा आहे एवढं मी सांगितलं. सभेत काय झालं याचा त्यांना पत्ता नव्हता, पण पत्ता नसल्यानं त्यांचं कधी अडत नसे.

"लिवा की, वसतिगृहाचं काम लई झकास चालू हाय, आमी समाधानी हाव."

मी ते शुद्ध मराठीत करून ताईंच्या नावानं पाठवलं. मथळा कचेरीतल्या संपादकीय डेस्कनं दिला: 'मोरपंखी साडीतल्या रणरागिणीनं सभा गाजवली'.

सकाळी ताईंचा फोन आला. "भाऊ, हे मी कधी बोलले?"

"ताई, फोटो चार कॉलम आलाय," मी म्हणालो.

त्यांना फोटो नको होता, खुलासा हवा होता. डेस्क म्हणालं, रणरागिणीनं खुलासा करणं बरं दिसत नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी मात्र कात्रण जपून फाइलला लावलं आणि शेरा मारला, 'सभापतींनी समाधान व्यक्त केले आहे.' झाला प्रश्न निकाली.

आठवड्यानं ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. ताई ट्रकांपाशी जाऊन आयांना विनवत होत्या, चार दिवस पोरं नातेवाइकांकडं ठेवा, मी वसतिगृहाचं कुलूप काढायला लावते. फोटो मिळेल म्हणून मीही गेलो होतो. एक बाई भांडी वर चढवत होती. तिची सातवीतली लेक आधीच ट्रकात बसली होती.

"कावून ठिवू, ताई?" ती म्हणाली. "वसतिगृह चालू हाय, असं पेपरात तुमीच म्हणालता. वळकटी घिऊन पोरीला सोडाया गेलते मी. दाराला कुलूप व्हतं."

ताईंनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग त्या बाईला म्हणाल्या, "माझं चुकलं, माय."

चूक माझी होती, आणि ट्रक सुटेपर्यंत ते सांगायला भरपूर वेळ होता. मी गप्प उभा राहिलो.