गाईच्या कानाची वेळ

हिंदी मुलखातल्या राऊ गावात आमच्या शेजारी एक निवृत्त बँक अधिकारी राहतात. परसात एक गीर गाय आहे. कुणीही भेटलं की ते आधी गाईची तब्येत सांगतात आणि मग, आठवलं तर, घरच्यांची.

गेल्या हिवाळ्यात गाईच्या लोंबत्या कानात दोऱ्यासारखे बारीक किडे झाले. कानातून घाण वास यायचा, मान वाकडी करून ती उभी राहायची. डॉक्टर म्हणाले, "किडे आत उतरले तर गाय हातची जाईल. वेळच्या वेळी कान धुऊन औषध घाला."

त्यातच त्यांच्या मुलीचा साखरपुडा घरीच ठरला. ऐन अंगठ्यांच्या वेळी हे आमचे शेजारी उठले.

"दस मिनट थांबा जी, गाईच्या कानाची वेळ झाली," असं व्याह्यांना सांगून रेशमी कुडत्यातच ते मागे गेले. त्यांच्या पत्नीने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, मोडलं लग्न.

व्याही उठले. मग कोट काढून माझ्या हातात देत म्हणाले, "भिया, एकट्याने कसं जमेल त्यांना?"

खिडकीतून सगळ्यांना दिसलं. व्याह्यांनी शिंगं धरली होती आणि हे कानात पिचकारी मारत होते. गाईने मान झटकली, तेव्हा दोघेही भिजले.

दोघे तसेच परत आले. मुलीने नाक दाबूनच अंगठी घातली.

गाय बरी झाली, लग्नही झालं. व्याही कसे आहेत, असं विचारलं की हे गंभीरपणे सांगतात, "एकदम बढिया. शिंगं घट्ट धरतात."