साळवे मॅडमची भट्टी

नगरच्या आमच्या कॉलेजात सायन्सची स्टाफरूम एवढीशी. चार खुर्च्या, एक टेबल आणि फक्त प्राचार्य आले की फिरणारा पंखा. एवढ्या जागेत माणसं कोंबली की किस्से करावे लागत नाहीत, आपोआप होतात. त्यातले निम्मे साळवे मॅडमचे. त्या फिजिक्सच्या, मी केमिस्ट्रीचा आणि टेबल दोघांत एक, म्हणून मी आयता साक्षीदार!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. न्यूट्रिनो नावाच्या अतिसूक्ष्म कणाला वजन असतं, अशी बातमी नुकतीच पेपरात आली होती. मॅडमना त्याच्या पुढचं हवं होतं. न्यूट्रिनो तीन प्रकारचे, मग त्यात जड कोण आणि हलका कोण? अणुभट्टीतून निघणारे प्रतिन्यूट्रिनो, म्हणजे त्यांचीच जुळी भावंडं, लांबवर पकडून हा क्रम लावता येईल का, यावर काम करायला एका मोठ्या संस्थेनं त्यांना मानधनावर बोलावलं होतं. त्यासाठी हवी होती तीन वर्षांची बिनपगारी रजा. ती नाही मिळाली तर नोकरी सोडायची, नाहीतर न्यूट्रिनो. पारनेरचं घर मॅडमच्या जिवावर चालायचं, तेव्हा काय सुटणार ते आम्हाला दिसतच होतं.

*

बॉटनीच्या जोशी मॅडम दोन तासांच्या मधे स्वेटर विणायच्या. एकदा साळवे मॅडमनी फळ्यावर दोन रेघा जवळजवळ काढल्या, तिसरी लांब. ही एकटी रेघ वर असेल तर क्रम सुलटा, खाली असेल तर उलटा, आणि खरा कोणता ते अजून जगात कुणालाच ठाऊक नाही, असं त्या रंगात येऊन सांगत होत्या.

जोशी मॅडमनी मान वर न करता सुचवलं, "दोन सुलट, दोन उलट घाला. बॉर्डर छान बसते."

*

रजेचा अर्ज ऑफिसात गेला. हेडक्लार्क भाऊसाहेबांना प्रत्येक कागदावर शंका. हे कण वाटेत एका प्रकाराचे दुसऱ्या प्रकारात जातात, असं मॅडमनी समजावलं. भाऊसाहेबांनी चष्मा काढून विचारलं, म्हणजे जात बदलतात?

"बदलतात की," मॅडम म्हणाल्या. "आणि दाखला कुणी मागत नाही."

अख्खं ऑफिस खाली मान घालून कामाला लागलं. मी झेरॉक्सच्या निमित्तानं बाहेर पळालो.

*

प्राचार्य इतिहासाचे. वजन करायचंय एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं आणि ते चक्क दुखावले. केमिस्ट्रीला एवढा महागाचा नवा तराजू घेऊन दिलाय, चौथ्या दशांशापर्यंत दाखवतो, मग मॅडमना बाहेरगावी कशाला जायचंय? वर मलाच झापलं, की तराजू कपाटात कुलूप लावून ठेवता म्हणून ही वेळ येते!

*

मॅडम भिंगारला भाड्यानं राहायच्या. गल्लीत बातमी फुटली, त्यातला 'अणु' गळाला आणि 'भट्टी' तेवढी पारनेरला पोचली. आमच्याकडे भट्टी म्हणजे दारूचीच. दुसऱ्याच दिवशी मॅडमचे वडील, अप्पा, पहिल्या एस.टी.नं थेट स्टाफरूममध्ये हजर.

"तुला भट्टीवर धाडायला शिकिवलं व्हय आमी?"

मॅडमनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. ही भट्टी वीज तयार करायची, तिथून जे निघतं ते भिंतीतून, डोंगरातून, माणसातून आरपार जातं आणि कुणाला काही होत नाही, असं सांगितलं. तसलेच कण सूर्याकडूनही येतात आणि आत्ताही आपल्यातून जातायत, हे ऐकल्यावर अप्पांनी मुकाट्यानं सदऱ्याचं वरचं बटण लावलं. मग चहा घेतला.

*

शेवटी अर्ज मॅनेजमेंटच्या मीटिंगला आला. मी शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून तिथं होतो. अध्यक्ष सोनईकडचे, ऊसवाले. रजेला नाही म्हणण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. मॅडमचा चेहरा पार उतरला होता.

एका मेंबरनं विचारलं, याचा नगरला फायदा काय? मॅडम म्हणाल्या, काही नाही. मी कपाळाला हात लावला. संपलं म्हटलं!

अध्यक्ष म्हणाले, "मंग हे कोडं सुटनार कवा?"

"सांगता येत नाही, साहेब. वीस वर्षं लागतील, तीस लागतील. कदाचित माझ्या हयातीत नाहीच सुटणार."

अध्यक्षांनी अर्ज उलटून मागची बाजू पाहिली, परत सुलटा केला, पुन्हा वाचला. मग मॅडमकडे बघून म्हणाले,

"मंग बाई, रजा तीनच वर्साची कशी मागितली?"