न चालणाऱ्याला हार नाही

दसऱ्याच्या सकाळी सगळे लोक आधी गाडीला हार घालतात आणि मग ती रस्त्यावर काढतात. आमच्या शेजारच्या अनुसयाअक्कांचं उलट. झेंडूचा हार ताटात तसाच ठेवून त्या गाडी चालू करायच्या, उस्मानपुऱ्यातून निघून गुलमंडीला एक चक्कर मारून परत यायच्या. मग बॉनेटवर तळहात ठेवायच्या आणि ते गरम लागलं की हार. एका वर्षी मी विचारलं, "अक्का, पूजेला एवढा उशीर कशाला?" तर म्हणाल्या, "चालती का नाय ते आधी बघावं. न चालणाऱ्याला घालतात तो हार फोटोचा असतो, सुमन."

अक्का म्हणजे पावणेपाच फूट उंची, हिरवं नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदण आणि गळ्यात किल्ली. हो, गाडीची किल्ली. नवरा गेल्यावर गळा मोकळा झाला, तिथं त्यांनी काळ्या दोऱ्यात किल्ली अडकवली. बायका कुजबुजल्या. अक्का त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाल्या, "बरं दिसतंय ना गं?"

गाडी पांढरी ॲम्बॅसिडर, दुसऱ्याच्या हातची. दौलताबादच्या पुढं त्यांची पेरूची बाग होती. नवऱ्यानं गाडी घेतली खरी, पण त्याची नजर अधू झाली आणि गाडी दारात धूळ खात उभी राहिली. अक्का बागेतल्या रस्त्यावर स्वतःच शिकल्या. दोन झाडं आणि एक कुंपण गेलं, असं त्या अभिमानानं सांगायच्या. बुडाखाली गोधडीची चौपदरी घडी घेतल्याशिवाय त्यांना काचेतून रस्ता दिसायचा नाही. "पोलीस ॲक्शनच्या साली माझं लग्न झालं," त्या म्हणायच्या. "तवापासून बैलगाडीत मागं, टांग्यात मागं, बसमधी मागं. लई जन्म मागं बसून काढला. आता पुढं बसते."

पेरूच्या पाट्या मागच्या सीटवर घालून त्या शहरात यायच्या. बसच्या टपावर माल नरम पडतो, हे एक कारण. खरं कारण मी वर सांगितलंच.

आता गाडी मोडली त्याची गोष्ट सांगते. दौलताबादला रस्ता किल्ल्याच्या जुन्या दगडी दरवाजातून जातो, ते तुम्हांला माहीत असेल. एका वेळी एकच गाडी जाते. तिथला रिवाज असा की ज्यानं आधी हॉर्न दिला तो आत शिरणार, दुसऱ्यानं बाहेर थांबायचं. त्या हिवाळ्यात अक्का पेरू घेऊन दरवाजात शिरल्या आणि समोरून ट्रक आला. ट्रकनं गाडी अशी दाबली की डावी बाजू दगडाला घासून आत गेली, उजवा मडगार्ड चाकावर चिकटला, रेडिएटर फुटला. अक्कांचा डावा हात मनगटात मोडला. पेरू सगळ्या रस्त्यावर. मी दवाखान्यात गेले तेव्हा प्लॅस्टर ओलं होतं आणि अक्का डॉक्टरांना सांगत होत्या, "हॉर्न मी आधी दिला."

ट्रकचा ड्रायव्हर उत्तम नावाचा तिशीतला माणूस. तो म्हणत होता, "काकू, हॉर्न वाजलाच नाय." त्याचं कोण ऐकणार? एकीकडं हात मोडलेली बाई, एकीकडं ट्रक. मालकानं त्याला कामावरून काढलं. ही बातमी अक्कांना मीच सांगितली. त्या म्हणाल्या, "बरं झालं. कान उघडे ठेवायला शिकंल."

गाडी ओढून पैठण गेटाजवळच्या करीम मिस्त्रींच्या गॅरेजात नेली आणि सल्ले सुरू झाले. अक्कांचा मुलगा प्रकाश सरकारी कचेरीत कारकून, स्वभावानं गरीब, पण या बाबतीत हट्टाला पेटला. "आई, भंगारात दे. आज हात गेला, उद्या जीव जाईल. तुझ्या वयाच्या बायका जप करतात." शेंद्र्याकडचा एक शेतकरी आला. त्याला नुसतं इंजिन पाहिजे होतं, विहिरीवर पंपाला बसवायला. अक्का म्हणाल्या, "ती माझ्याकडं पाणी शेंदायला आली नाय." करीम मिस्त्री गाडीभोवती दोन चकरा मारून, दाढी खाजवून म्हणाले, "अक्का, बन जाती. लेकिन टाइम लगता. और दिल मजबूत रखना पडता."

"दिलाचं मी बघते. तुमी पत्र्याचं बघा," अक्का म्हणाल्या. मग प्रकाशकडं वळल्या. "दसऱ्यापर्यंत चालली तर हार घालीन. नाय चालली तर भंगारवाल्याला मीच बोलावते. आणि हे बघ, चूक माझी असती तर मी आजच किल्ली तुझ्या हातात दिली असती. पर हॉर्न मी आधी दिला."

हे किल्लीचं वाक्य त्या बोलल्या नसत्या तर बरं झालं असतं.

आठ महिने गाडी गॅरेजात होती. अक्का दर दोन दिवसांनी जायच्या, आणि प्लॅस्टर होतं तोवर जेवणाचा डबा धरायला मी बरोबर; पुढंही अधूनमधून जात राहिले. मिस्त्री लाकडी ठोकळा आतून लावून पत्रा बाहेर ठोकत, अक्का स्टुलावर बसून बघत. मिस्त्रींनी चहा मागवला की म्हणत, "अक्का, तुम सामने बैठे तो हाथ कापते मेरे." "कापू द्या. पत्रा सरळ निघायलाय ना?" त्या गॅरेजात आलेल्या एकानं हसत विचारलं, "आजी, आता कुठं रेस लावायची?" अक्कांनी त्याला खालून वर बघितलं. "तुझ्या स्कूटरसंगं नाय लावत. रडशील."

भाद्रपद संपत आला तेव्हा फक्त वायरिंग राहिलं होतं. मिस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालून होते. एकदम त्यांचं काम थांबलं. त्यांनी अक्कांना हाताच्या खुणेनं जवळ बोलावलं. मीही गेले.

हॉर्नच्या वायरीजवळ हिरव्या लुगड्याची चिंधी गाठ मारून बांधलेली होती. गाठीच्या आत काही नव्हतं. वायर बाजूला लोंबत होती आणि तिच्या तोंडाशी तेल-धुळीचा जुना थर बसला होता.

"ये टक्कर का नै है, अक्का," मिस्त्री हळू म्हणाले. "ये पीछे की जगा को तो मार लगाच नै. पहले से निकला हुआ है. किसने बांधा ये?"

चिंधी कुणाच्या लुगड्याची, हे सांगायची गरज नव्हती. पेरूचा हंगाम सुरू झाला तेव्हा हॉर्नची वायर सैल झाली होती. मिस्त्रींनी तीनदा सांगितलं होतं, घेऊन या. हंगामात कोण थांबतं? अक्कांनी चिंधीनं बांधून टाकली, कैरीच्या बरणीला दादरा बांधतात तशी.

अक्कांनी गाठ सोडून चिंधी हातात घेतली. मग माझ्याकडं वळल्या. "सुमन, टक्कर झाली त्या आठवड्यात तू माझ्यासंगं बागेत आलतीस. म्हशी आठवतात का?"

मला आठवल्या. पडेगावाजवळ रस्त्यात म्हशी उभ्या होत्या. अक्का हॉर्न दाबत होत्या आणि म्हशी हलत नव्हत्या. सायलेन्सर फुटलेला, गाडीचा आवाज असा की शेजारी बसून बोलायचं तर ओरडावं लागे. हॉर्न वाजतो की नाही, हे आम्हां दोघींच्याही ध्यानात आलं नाही. शेवटी अक्कांनी बाहेर हात काढून दरवाजावर थापा मारल्या आणि म्हणाल्या, "म्हशीबी माजल्यात आजकाल."

"म्हशी माजल्या नव्हत्या," अक्का म्हणाल्या.

मिस्त्री वायर हातात धरून म्हणाले, "मैं जोड देता. कौन देखा? तुम, मैं और ये बाई." आणि मी काय बोलले, तेही लिहिते, आज लाज वाटते तरी. मी म्हणाले, "अक्का, जोडून टाकू द्या. प्रकाशला कळलं तर गाडी गेलीच समजा. तुमच्याच तोंडानं बोलून ठेवलंय तुम्ही."

अक्का गाडीत जाऊन बसल्या. पुढच्या सीटवर, गोधडीशिवाय. काचेतून त्यांना काही दिसत नसणार. आतूनच त्यांनी विचारलं, "तो उत्तम कुठं असतो आता?"

"गुलमंडी में," मिस्त्री म्हणाले. "हातगाडी खींच रा. कपडे के गठ्ठे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गुलमंडीला गेलो. उत्तम हातगाडीवर गठ्ठे रचत होता. अक्कांना बघून त्यानं तोंड फिरवलं. अक्का सरळ त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. "लेकरा, तू खरं बोलत होतास. हॉर्न वाजला नव्हता. चल माझ्यासंगं तुझ्या मालकाकडं."

उत्तमनं गठ्ठा खाली ठेवला नाही. "आता कामून, काकू? आठ महिने झाले."

"मला काल कळलं. काल कळलं म्हणून आज आले. शिव्या द्यायच्या तर वाटेत दे, चलता चलता."

मालकाच्या पेढीवर अक्कांनी प्रकाशलाही कचेरीतून बोलावून घेतलं. मला वाटलं होतं, निदान त्याच्या माघारी सांगतील. नाही. सगळ्यांसमोर चिंधी टेबलावर ठेवली आणि झालं ते सांगितलं, एक शब्द गाळला नाही. मालक गादीवर अवघडून बसला होता. म्हणाला, "बाई, तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं."

"मला कळलं होतं ना. याला परत घेता का नाय तेवढं बोला."

त्यानं घेतलं. उत्तम पाया पडला नाही की हसला नाही, नुसतं म्हणाला, "काकू, हातगाडी परत देऊन येतो." मला ते आवडलं.

बाहेर रस्त्यावर आलो तशी प्रकाशनं हात पुढं केला. "आई, किल्ली. तूच बोलली होतीस."

अक्कांनी गळ्यातली किल्ली मुठीत धरली. "व्हय, बोलले होते. ते बोलणं चुकलं."

"आई, हे असं कसं? चूक तुझी निघाली की नाही?"

"निघाली. सगळ्या बाजाराला सांगून आले. पर मला वाटलं होतं, चूक निघाली की माणसानं उठून मागं जाऊन बसायचं. तसं असतं तर पुढं कुणीच बसलं नसतं रे. तुझा बा बी नाय, तू बी नाय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुला भ्या वाटतं ते मला कळतं. मलाबी वाटतं. हॉर्न मिस्त्री नवा बसवतील. दरवाजात शिरायच्या आधी मी खाली उतरून बघीन. पर किल्ली मागू नको."

प्रकाश हात मागं घेऊन कचेरीकडं निघून गेला. दसऱ्याच्या सकाळी मात्र गोधडीची घडी करून त्यानंच सीटवर ठेवली. अक्कांनी गुलमंडीची चक्कर मारली, बॉनेटला हात लावला आणि हार घातला. डाव्या दारावर पोचे राहिले होते. मिस्त्री ते भरून देणार होते, अक्कांनी नको म्हटलं.

पुढं कितीतरी वर्षं त्या चालवत राहिल्या. दरवाजापाशी आल्या की गाडी थांबवायच्या, हॉर्न द्यायच्या, शेजारी असेल त्याला विचारायच्या, "ऐकू आला का?" आणि तरी खाली उतरून, लुगडं सावरत, दरवाजाच्या पलीकडं जाऊन बघून यायच्या. मागच्या गाड्या खोळंबायच्या. एकदा एका जीपमधून कुणी ओरडलं, "म्हातारे, भीती वाटते तर घरी बस." अक्का त्याच्या खिडकीपाशी गेल्या. "भीती वाटती म्हणून उतरते. घरी कामून बसू?" आणि आपल्या चालीनं परत येऊन गाडीत बसल्या.

त्या गेल्या तेव्हा किल्ली गळ्यातच होती. वर्षभर घरात सण नव्हता आणि गाडी दारात झाकून उभी होती. शेंद्र्याचा तो शेतकरी पुन्हा येऊन गेला म्हणे, इंजिनासाठी. भंगारवालाही आला होता. प्रकाश काय करणार, हे मी विचारलं नाही. मला विचारायची भीती वाटत होती.

वर्ष सरल्यावरच्या दसऱ्याला सकाळीच त्यानं माझं दार वाजवलं. हाताला काळं तेल लागलेलं, गळ्यात काळा दोरा. "काकू, बसता का? हार नंतर घालू."

मी पुढं बसले. दुसऱ्यांदा किल्ली फिरवली तेव्हा गाडी चालू झाली. गुलमंडीत सणाची ही गर्दी. समोर झेंडूनं भरलेली हातगाडी आडवी. प्रकाशनं हॉर्न दाबला आणि माझ्याकडं वळून विचारलं, "ऐकू आला का?"

"आला," मी म्हणाले.

घरी आल्यावर मी बॉनेटला हात लावला. चटका बसला. मग ताटातला हार मी प्रकाशच्या हातात दिला.