वरच्या माळ्याचा बायोडाटा

मनकर्णाबाईंनी आजवर एकतीस लग्नं जमवली. त्यातली एकोणतीस टिकली, असं त्या सांगतात. धंतोलीत त्यांचं घर माझ्या घराला लागून. वय चौऱ्याहत्तर, गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र धडधाकट. यजमान गेल्यापासून खाली त्या एकट्या, आणि वरचा माळा भाड्यानं द्यायचा.

तो मार्चपासून रिकामा होता आणि मुलगा जितेंद्र बंगळुरूहून रोज टोचत होता. वर माणसांचा वावर नाही, आईला काही झालं तर कळणार कोणाला? त्याचं अगदीच चुकत नव्हतं. पण मग त्यानं फर्मान काढलं: दसऱ्यापर्यंत चांगला भाडेकरू मिळाला नाही तर घर विकायचं आणि आईनं बंगळुरूला यायचं. मनकर्णाबाई तिथे एकदा महिनाभरासाठी गेल्या होत्या. चौदाव्या मजल्यावरून खालून कोण चाललंय ते दिसत नाही, म्हणून आठव्या दिवशी परत आल्या.

नेटवर जाहिरात जितेंद्रनंच टाकली होती. फोटोत माळा एवढा मोठा दिसत होता की मीच विचारलं, हे कोणाचं घर? मजकूर काय, तर आलिशान, शांत, चोवीस तास पाणी. धंतोलीत शांत! गल्लोगल्ली दवाखाने, दिवसभर दारावरून अँब्युलन्स जातात. लोक यायचे, बघायचे, पुटपुटत जिना उतरायचे. गणपती उठले तरी माळा रिकामाच.

शेवटी बाई माझ्याकडे आल्या. त्या नवी जाहिरात सांगणार, मी फोनवर टाइप करणार. पहिल्याच ओळीला माझं बोट थांबलं. नाव: वरचा माळा. जन्म: एकोणीसशे एक्याण्णव. उंची साडेदहा फूट. वर्ण पिवळा, पावसाच्या बाजूनं जरा सावळा. त्या थट्टा करत नव्हत्या. आयुष्यभर त्यांनी पोरापोरींचे बायोडाटेच लिहिले. चांगलं माणूस यावं म्हणून दुसरं काय लिहायचं हे त्यांना माहीतच नव्हतं.

मी म्हटलं, बाई, हे लग्नाचं नाही.

"मले कळते ते. पण माणूस घरात आणायचा तर खोट आधी सांगायची. काहून लपवायची वं?"

मग एकेक खोट आली. नळ पहाटे साडेपाचला येतो, साडेसहाला जातो. कूलरला खिडकी एकच. मालकीण चौकशा फार करते. शेजारीण फोनवर ओरडून बोलते. शेवटचं मी गाळलं; त्यांनी वाचून दाखवायला लावलं आणि पुन्हा घालायला लावलं. अपेक्षा एकच: आपली खोट आपण सांगणारा. जात विचारायची नाही, असं मी ठणकावलं. त्या म्हणाल्या, जात पाहून जमवलेलीच दोन मोडली.

गुरुवारी टाकलं, रविवारपर्यंत त्रेचाळीस फोन. निम्म्यांना नुसतं हसायचं होतं. चौघं बघायला आले. प्रत्येकाला पोहे मिळाले आणि मग प्रश्न, तुमची खोट काय? एक बँकेतले साहेब म्हणाले, माझ्यात तसं काही नाही. बाईंनी त्यांना पोहे संपवू दिले आणि वाटेला लावलं.

दीप्तीनं मात्र फोन केला नाही. आपलाच बायोडाटा पाठवला. पारशिवनीची, वय सव्वीस, इथल्याच एका दवाखान्यात नर्स. रात्रपाळी. सकाळी कोणी दार वाजवलं तर बोलणी खाईल. स्वयंपाक येत नाही, शिकायची इच्छा नाही. मागची खोली मालकाशी भांडून सोडली, चूक निम्मी तिची.

"निम्मी," मनकर्णाबाई खूश होऊन म्हणाल्या. "पुरी म्हटली असती तर खोटं असतं."

लगेच काटोलला भावाला फोन. हे भैय्याजी संत्र्यांचे व्यापारी; गावोगावच्या बसस्टँडवर त्यांच्या ओळखीचं कोणीतरी असतंच. भाडेकरूच्या पोलीस-पडताळणीला पंधरवडा लागतो, भैय्याजींना दोन तास लागले. निरोप आला, पोरगी तिखट आहे, पण तिच्या गल्लीत कोणी आजारी पडलं की पहिला फोन तिलाच जातो.

जितेंद्र ऐकेना. माझ्याच बैठकीत स्पीकर लावून मायलेकांचं झालं.

"एकटी मुलगी नको, आई. फॅमिली पाहिजे."

"मी एकटी, ती एकटी. झाली ना फॅमिली."

"तिच्यावर लक्ष कोण ठेवणार?"

"माह्यावर लक्ष ठेवाले तुले माणूस पाहिजे होता ना? नर्स आहे गा ती. तुह्या बिल्डिंगमध्ये आहे का एखादी?"

जितेंद्रनं नर्सचा विषयच सोडला. मग तो म्हणाला, शनिवारी दलाल घर बघायला येणार आहे, त्याला सांगून ठेवलंय.

"येऊ दे," बाई म्हणाल्या.

दीप्ती शुक्रवारीच दोन बॅगा आणि एक कुकर घेऊन राहायला आली. करारावर बाईंनी सही केली, साक्षीदार मी. शनिवारी दलाल आला, त्यानं जिन्यावरचे पांढरे बूट पाहिले, करार पाहिला, भाडेकरूसकट घर कोण घेणार म्हणाला आणि चप्पल घातली.

संध्याकाळी जितेंद्रचा फोन आला. विक्रीचं त्यानं नाव काढलं नाही. अडीअडचणीला असावा म्हणून दीप्तीचा नंबर मागितला. मनकर्णाबाईंनी दिला नाही. तिला विचारून सांगते, म्हणाल्या.