बुधल्यातला गाळ

आमच्या घरात कुठलीही गोष्ट आपली आपण बसू द्यायची पद्धत नव्हती. माणूस टेकला की त्याला उठवायचं, भात चुलीवर ठेवला की सारखं झाकण काढून बघायचं. अशा घरात मी वाइन नितळायला ठेवली, ही माझीच चूक.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून आमची द्राक्षबाग होती. ऐन तोडणीत अवकाळी पाऊस झाला, मणी तडकले आणि व्यापारी गाडी न थांबवता पुढं निघून गेला. आबा, म्हणजे माझे वडील, सगळा माल म्हशींपुढं टाकायला निघाले होते. मी तेव्हा बारामतीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. म्हटलं, चार पाट्या मला द्या, वाइन करते. आबांच्या गळ्यात तुळशीची माळ. संध्याकाळी त्यांनीच तोड काढली: घरात त्या वस्तूला 'औषध' म्हणायचं. नाव बदलल्यावर माळेची काही हरकत उरली नाही.

मला पुण्याला एम.एस्सी.ला जायचं होतं आणि मामांनी माझ्यासाठी स्थळ आणलं होतं. मामा म्हणजे आत्याचे यजमान. ते बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीत दूध तपासायचे, त्यामुळे जगातल्या यच्चयावत पातळ पदार्थांवर त्यांचाच शब्द शेवटचा. बुधल्यातला गढूळ लाल रस बघून ते म्हणाले, "मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी येतो. तवर हे पाण्यावानी नितळ झालं, तर जाऊ द्या पोरीला पुण्याला. न्हाय झालं, तर पाव्हणं बोलवू."

आबा म्हणाले, "व्हय दाजी."

माझ्या आयुष्याचा निकाल असा गाळावर ठरला.

गाळ बसवण्याची विद्या सोपी आहे: काही करायचं नाही. मेलेलं यीस्ट आणि गर तळाशी बसतो, मग रबरी नळीनं वरचं नितळ काढून घ्यायचं. काचेचा मोठा बुधला मी माजघराच्या कोपऱ्यात, गोणपाटात गुंडाळून ठेवला होता. तीन दिवसांत तळाशी बोटभर थर दिसला आणि मी खूश झाले. चौथ्या दिवशी सगळं पुन्हा गढूळ.

"आबा, बुधल्याला हात लावला?"

"हात कुठं लावला? गाळ बसलाय का न्हाय, ते नुसतं हलवून बघितलं."

त्यानंतर रोज कुणी ना कुणी नुसतं हलवून बघत होतं. आबा सकाळी धार काढून आले की एकदा आणि संध्याकाळी एकदा. शेजारचे तात्या कानाशी लावून हलवायचे, नारळ हलवावा तसा. मी गोणपाट सुतळीनं आवळून बांधलं, तर आबांनी ते सोडून, हलवून, पुन्हा माझ्यापेक्षा नीट बांधून ठेवलं. मी आरडाओरडा केला. त्यावर घरात एकमत झालं की शिकलेल्या पोरींना राग फार.

रविवार दोन दिवसांवर आला तरी बुधला ढवळलेल्या डबक्यासारखाच होता. शनिवारी मी बाटल्या आणायला बारामतीला गेले आणि मैत्रिणीकडं राहिले. खरं तर मला तो बुधला बघवत नव्हता.

रविवारी सकाळी परत आले आणि दारातच थांबले. बुधला लखलखत होता. वरचा रस डाळिंबाच्या दाण्यासारखा आरपार, आणि खाली गाळ घट्ट. आनंदानं मी नळी बुधल्यात सोडली आणि ओढ घेतली.

तोंड पार बधिर झालं. जीभ टाळ्याला चिकटली, हिरड्या आवळल्या. ती चव मी लहानपणापासून ओळखत होते. उन्हाळ्यात फुगवटा आटला की आमच्याकडं पाणी गढूळ येतं आणि घरोघरी हंड्यात तुरटी फिरवतात.

आई चुलीकडं बघत होती.

"तुरटीचं अकरा येढं दिलं," ती म्हणाली. "हंड्यात देते तसं."

मी तिला नको नको ते बोलले. चौथी शिकलेल्या बाईनं माझं वाटोळं केलं, असंही म्हणाले. ते शब्द आठवले की आजही मला माझीच लाज वाटते. तिनं बाटल्या धुतल्या, मी नळी धरली, आणि आम्ही दोघींनी बाटल्या भरल्या.

दुपारी मामा आले ते दूध तपासायचा लॅक्टोमीटर खिशात घालून. पातेल्यात वाइन ओतून त्यांनी तो सोडला. तो गळ्यापर्यंत बुडाला. दुधात असं झालं की पाणी घातलंय म्हणून गवळ्याची खैर नसायची. मामांनी जरा विचार केला आणि जाहीर केलं, "याचं असंच असतं." मग बाटली उजेडाकडं धरून पलीकडच्या कॅलेंडरवरची एकादशी वाचून दाखवली. आबांची छाती फुगली.

शेवटी मामांनी पेला तोंडाला लावला. त्यांचे ओठ आत ओढले गेले, डोळ्यांत पाणी तरळलं. पण कंपनीच्या पार्टीत आपण परदेशी वाइन प्यायलो, हे त्यांनी आख्ख्या भावकीत सांगून ठेवलेलं.

"फारीनची चव हाय," ते कसेबसे म्हणाले आणि पाण्याचा तांब्या मागितला. "पाठवा पोरीला पुण्याला."

मोटारसायकलचा आवाज लांब गेल्यावर मी आईजवळ जाऊन बसले. ती पेले घासत होती.

"आणि मामा चव बिघडली म्हणाले असते तर?"

आईनं हात थांबवला नाही. "चवीचं कोण बोललं हुतं? नितळ दिसायला पायजे, एवढंच ठरलं हुतं." पेला उजेडाकडं धरून ती म्हणाली, "ही माणसं मला बघायला आल्ती तवा चालून दाखव म्हणली. मी चालले. केस दाखव म्हणली. दाखवले. मला शाळा सोडायची न्हवती, ते इचारलंच न्हाय कुणी."