बॅटरीबाईंच्या शेजारची खुर्ची

बॅटरीबाईंना नाटकांची सुरुवात माहीत नसे. सारी नोकरी नाट्यगृहात गेली, पण सुरुवातीच्या नावाने पाटी कोरी. पडदा उघडला की उशिरा येणाऱ्यांची रीघ लागायची, आणि बाई पायरीवर बॅटरीचा उजेड पाडत एकेकाला खुर्चीपर्यंत पोचवायच्या. सगळे स्थिरस्थावर होईपर्यंत रंगमंचावर कोणीतरी प्रेमात पडलेलं असे, नाहीतर कोणाचा तरी खून झालेला असे. का झाला, ते बाईंनी शेवटावरून ताडायचं. तेही दाराला टेकून, उभ्याउभ्या.

आणखी एक काम बाई कोणी न सांगता करत. एखाद्या कुटुंबाला तिकिटं तुटक मिळाली, बाप इकडे आणि पोरं तिकडे असं झालं, की बाई मधल्या माणसांना गोड बोलून सरकवत. "साहेब, एकच खुर्ची पलीकडे व्हा ना, लहान मूल आहे." लोक कुरकुरत, पण सरकत. कुटुंब एका ओळीत बसलं की बाईंचा जीव भांड्यात पडे. स्वतःचं म्हणाल तर बाईंचं लग्न झालं नाही, आणि का झालं नाही हे विचारणारेही एव्हाना थकले होते.

नोकरी संपली तेव्हा बाईंनी ठरवलं होतं, आता ऐटीत खुर्चीत बसून नाटकं बघायची. पण एकटीने जायचं तर मध्यंतरात बोलायचं कोणाशी? म्हणून आज जाऊ, उद्या जाऊ करत राहूनच गेलं. अशात धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, सुट्टीत मुलांना घेऊन शहरात चाललोय. रोज संध्याकाळी एक खेळ बघायचा बेत आहे. तूही चल."

बाईंनी बॅग त्याच दिवशी भरली. भावाची मुलगी महाबडबडी. काहीही बघताना तिची टकळी सुरू, "आता काय होणार? हा वाईट आहे का? आता काय होणार?" घरचे सगळे वैतागत. बाईंना मात्र नेमकं तेच हवं होतं. नाटक सुरू आहे, आपण खुर्चीत बसलोय आणि कानाशी कोणीतरी विचारतंय, आता काय होणार. एवढीच हौस.

पहिल्या संध्याकाळी जादूचे प्रयोग होते. सुट्टीची गर्दी मी म्हणत होती. खिडकीतला माणूस म्हणाला, "चार एकत्र आहेत. पाचवं मागे, खांबाजवळ." भावाचा चेहरा पडला. वहिनी भावाकडे बघायला लागली, भाऊ पोरांकडे. तेवढ्यात बाई बोलून गेल्या, "मला कुठेही चालतं रे. उलट एकटीलाच बरं वाटतं, लक्ष लागतं."

आता हे बोलायला कोणी सांगितलं होतं? पण नाट्यगृहात कोणाचं घोडं अडलेलं दिसलं की ते पुढे ढकलायचं, ही सवयच हाडीमांसी खिळलेली. वर दुसऱ्यांसाठी सराईतपणे चालणारी जीभ स्वतःसाठी वळेना. भावाच्या शेजारच्याला "जरा सरकता का" एवढं म्हणायचं, तेही जमलं नाही. बाई खांबाजवळ जाऊन बसल्या. पडदा उघडला आणि जादूगाराने रिकाम्या टोपलीतून कबुतर काढलं. बाईंना पहिल्यांदाच सुरुवात बघायला मिळाली होती. "अगं बाई!" म्हणत त्या शेजारी वळल्या, तर शेजारी खांब.

दुसऱ्या दिवशी गाण्यांचं नाटक होतं. भावाने तिकिटं काढली आणि काही न विचारता एक बाईंच्या हातात ठेवलं. पुन्हा चार तिकडे, एक इकडे. बाईंनी मनाची समजूत घातली, गर्दीच एवढी आहे, तो तरी काय करणार?

तिसरा दिवस शेवटचा, मुलांच्या विनोदी नाटकाचा. बाई बॅगा सांभाळत भावाच्या मागेच उभ्या होत्या, त्यामुळे खिडकीतलं बोलणं स्वच्छ ऐकू आलं.

"पाच एकत्र देऊ? मधली ओळ आहे."

बाईंनी हातातल्या बॅगा घट्ट धरल्या.

"नको, नको," भाऊ म्हणाला. "चार एकत्र आणि एक वेगळं द्या. आमच्या ताईला एकटीने बघायला आवडतं." आणि मागे वळून कौतुकाने हसला. "बघ, लक्षात आहे की नाही माझ्या?"

त्याच्या मनात काळंबेरं असतं तर बाई चांगल्या भांडल्या असत्या. पण तो मायेने बोलत होता. मायेशी भांडायचं कसं? "हो रे," बाई म्हणाल्या.

आत गेल्यावर बघतात तो शेजारची खुर्ची रिकामी. बाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि पटकन तिच्यावर आपली शाल टाकली. दुसऱ्या कोणी हे केलं असतं, तर नोकरीतल्या बाईंनी त्याची चांगली हजेरी घेतली असती. बॅटरी घेतलेली एक मुलगी जवळ आली. "इथे कोणी आहे?"

"माझी भाची येतेय."

मध्यंतर होताच बाई तरातरा भावाच्या ओळीपाशी गेल्या. "माझ्या शेजारी जागा आहे," त्या भाचीला म्हणाल्या. "येतेस?"

भाची टुणकन उठली. भावाने तिला दंडाला धरून बसवलं. "बस गं. आत्याला शांतपणे बघू दे. तुझी टकळी सुरू झाली की तिला काही ऐकू येईल का?"

"येऊ दे की रे. मला आवडेल."

"ताई, तू ना, कोणाचं मन मोडवत नाही तुला. मी ओळखत नाही का?" भाऊ हसला. वहिनीही हसली. म्हणाली, "ताई, अहो खरंच नको. ती डोकं खाईल तुमचं."

खाऊ दे, माझं डोकं खायला कोणी नाहीये गं घरात, हे शब्द अगदी जिभेवर आले होते. घंटा वाजली. मागून लोक "बसा, बसा" करायला लागले. जन्मभर लोकांना बसा म्हणणाऱ्या बाई वाट अडवून किती वेळ उभ्या राहणार? भाचीने बापाकडे बघितलं, आत्याकडे बघितलं आणि पॉपकॉर्नच्या पुडीत हात घातला. बाई परत आपल्या जागी आल्या.

अंधार झाला. शाल अजून शेजारच्या खुर्चीवरच होती. सगळं नाट्यगृह हसत होतं, पण बाईंचं लक्ष रंगमंचाकडे नव्हतंच, चार ओळी पुढच्या त्या लहान डोक्याकडे होतं. ते डोकं बापाकडे वळायचं आणि काहीतरी विचारायचं. काय विचारत असेल, ते बाईंना पाठ होतं.

बॅटरीचा उजेड पायाशी आला. मघाचीच मुलगी. तिच्या मागे काठी टेकत एक आजोबा आणि त्यांचा हात धरलेल्या आजी.

"बाई, तुमची भाची येतेय ना?" मुलगी हळूच म्हणाली. "यांना मागून काही दिसत नाहीये. दोघांना एकत्र बसायचंय."

बाईंनी शाल उचलली, घडी घातली आणि स्वतःही उठल्या.

"बसवा त्यांना," त्या म्हणाल्या. "इथे कोणी नाही."

आणि जाऊन दाराला टेकून उभ्या राहिल्या.